अहिल्यानगर जिल्ह्याच्या खाद्यसंस्कृतीतील आफ्रिकी वारसा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या रोजच्या आहारातील ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी, वाल, कारळे आणि चिंच या वनस्पती मूळच्या आफ्रिका खंडातील आहेत. याच जिल्ह्यात निजामशाहीच्या काळात (१४९०–१६३६) आफ्रिकेतून आलेल्या हबशी सैनिकांनी व सरदारांनी राजकारण, युद्धकला आणि जमीन महसूल यांवर मोठा प्रभाव पाडला. या दोन घटनांचा मिळून होणारा वारसा हा या लेखाचा विषय आहे.

ही पिके आणि ही माणसे जिल्ह्यात एकाच वेळी आलेली नाहीत. पिके हबशी सरदारांच्या कित्येक शतके आधी दख्खनमध्ये रुजली होती. त्यामुळे भाकरी हबशी लोकांनी आणली, असे म्हणता येत नाही. कॅरिबियन बेटांवरील आफ्रिकी वंशाच्या लोकांची परंपरा याहून वेगळी आहे. तेथे आफ्रिकेची माणसे, त्यांची पिके आणि त्यांच्या पाककृती यांची रुजवण एकाच काळात झाली. त्या परंपरेशी तुलना केल्यास अहिल्यानगरच्या वारशाचे वेगळेपण स्पष्ट होते.

भौगोलिक पार्श्वभूमी

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,०४८ चौ. किमी. आहे. त्यात १४ तालुके आहेत. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या कुशीत असून तेथे भरपूर पाऊस पडतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) याच तालुक्याच्या सीमेवर आहे. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे मात्र पाऊस झपाट्याने कमी होतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि शेवगाव या तालुक्यांचा बराच भाग अवर्षणप्रवण आहे.

जिल्ह्यातील पिके या पाऊसमानानुसार ठरली आहेत. अकोल्याच्या डोंगरउतारांवर भात, नाचणी (स्थानिक बोलीत नागली), वरई आणि कारळे ही पिके होतात. हलक्या, मुरमाड जमिनीत खरिपाची बाजरी घेतली जाते. काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पेरली जाते. ही ज्वारी पावसाळ्याच्या अखेरीस पेरतात आणि ती प्रामुख्याने जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. ज्वारीची मुळे खोल जातात, पानांवर मेणचट थर असतो आणि पाण्याचा ताण पडल्यास तिची वाढ काही काळ थांबून पाणी मिळताच पुन्हा सुरू होते. आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ प्रदेशात तयार झालेले हे गुण दख्खनच्या पठारावर तितकेच उपयोगी ठरले.

पिकांचे मूळ व आगमन

ज्वारी: ज्वारी प्रथम माणसाळवली गेली ती पूर्व सुदानच्या परिसरात. तेथे इ.स.पू. ३००० च्या सुमारास तिची लागवड होत असल्याचे पुरावे मिळाले आहेत.

बाजरी: बाजरीचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील साहेल पट्ट्यात, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या निमकोरड्या प्रदेशात आहे. माली देशात इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील लागवडीच्या बाजरीचे अवशेष सापडले आहेत.

नाचणी: हे पीक इथिओपिया व पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरील आहे. अकोले तालुक्यातील डोंगराळ भागाशी त्या प्रदेशाचे बरेच साम्य आहे.

कारळे: कारळ्याला काही भागांत खुरासणी असेही म्हणतात. हे तेलबियांचे पीक इथिओपियाच्या पठारावरील असून तेथे त्याचे नाव ‘नूग’ असे आहे. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘ॲबिसिनिका’ हा शब्द आहे. इथिओपियात नूगाचे तेल स्वयंपाकात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

चवळी आणि वाल: ही दोन्ही कडधान्ये आफ्रिकी मूळाची आहेत. याउलट तूर, मूग, उडीद, मटकी आणि हुलगा ही भारतीय उपखंडातील कडधान्ये आहेत.

चिंच: चिंचेचे संस्कृतोद्भव नाव आणि गावोगावची जुनी झाडे पाहता ती येथलीच वाटते. तथापि वनस्पतिशास्त्रानुसार ती उष्णकटिबंधीय आफ्रिकेतील आहे.

भेंडी: भेंडीच्या मूळस्थानाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक इथिओपियाचा, काही पश्चिम आफ्रिकेचा, तर काही दक्षिण आशियाचा निर्देश करतात.

ज्वारी आणि बाजरी इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात भारताच्या पश्चिम भागात पोहोचल्या असे मानले जाते. अरबस्तानाच्या किनाऱ्याने चालणाऱ्या सागरी व्यापारातून त्या प्रथम गुजरातेत आल्या असाव्यात, असे पुरातत्त्वज्ञांचे मत आहे. या धान्यांच्या भारतातील सर्वांत जुन्या अवशेषांपैकी काहींच्या ओळखीबद्दल अभ्यासकांत वाद आहे.

या आगमनाच्या काळातील मानवी वस्तीचे महत्त्वाचे पुरावे अहिल्यानगर जिल्ह्यातच आहेत. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव पडले. तिचा काळ साधारणपणे इ.स.पू. १४०० ते ७०० असा मानतात. प्रवरेच्या काठी असलेल्या नेवासे येथे ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. प्रवरेच्याच काठावरील दायमाबाद हे स्थळ १९५८ मध्ये उजेडात आले आणि पुढे १९७९ पर्यंत तेथे टप्प्याटप्प्याने उत्खनने झाली. दख्खनमधील या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या आहारात जव, मसूर, वाटाणा आणि कुळीथ यांचा समावेश होता. ज्वारी-बाजरीने मुख्य धान्याची जागा हळूहळू घेतली.

तात्पर्य, निजामशाहीत पहिला हबशी सैनिक चाकरीला लागला तेव्हा येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरी पिकवत होता.

निजामशाहीतील हबशी समाज

‘हबशी’ हा शब्द इथिओपियाच्या ‘अल्-हबश’ या अरबी नावावरून आला आहे. ‘शिद्दी’ किंवा ‘सिद्दी’ हा शब्द ‘सय्यिदी’ (माझे स्वामी) या अरबी संबोधनाशी जोडला जातो. आज बोलीभाषेत ‘हबशी’ हा शब्द वर्णावरून हिणवण्यासाठी वापरला जात असला, तरी मध्ययुगीन कागदपत्रांत तो वंशवाचक शब्द होता आणि अनेक बड्या सरदारांच्या नावापुढे तो लावलेला आढळतो.

हबशी लोक दख्खनमध्ये आले ते प्रामुख्याने गुलामांच्या व्यापारातून. इथिओपिया व आसपासच्या प्रदेशांतून मुले पळवली किंवा विकली जात आणि तांबडा समुद्र व अरबी समुद्रातील बंदरांमार्गे भारतात आणली जात. दख्खनच्या सुलतानांनी आणि सरदारांनी त्यांना मुख्यतः सैनिक म्हणून विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर किंवा त्याच्या मर्जीने सुटका झालेल्या हबशांना स्वतःची फौज उभारता येई आणि जहागिरीही मिळवता येई. अटलांटिक महासागरापलीकडील मळ्यांवर गुलामी आईकडून मुलांकडे वारशाने जात असे. येथे तसे सहसा होत नसे. असे असले तरी लहानपणी घरापासून तोडले जाणे आणि विकले जाणे, हे दोन्ही ठिकाणच्या गुलामांच्या वाट्याला आले, हे विसरता येत नाही.

अहमदनगरच्या दरबारात दख्खनी व हबशी सरदार एका बाजूस आणि इराण-तुराणातून आलेले ‘आफाकी’ सरदार दुसऱ्या बाजूस, अशी चुरस दीर्घकाळ चालली. १५९५ मध्ये मोगलांनी अहमदनगरवर स्वारी केली तेव्हा चांदबिबीने किल्ला लढवला. त्या काळातील सत्तास्पर्धेत इखलास खान व अभंग खान हे हबशी सरदार प्रमुख होते.

मलिक अंबर

या समाजातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे मलिक अंबर. त्याचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला आणि त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. लहानपणी विकला गेल्यावर पश्चिम आशियातून तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान हा स्वतःही हबशी होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. त्यानंतर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून राज्य तगवून धरले. त्याने खडकी हे नगर वसवले. तेच पुढे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) म्हणून प्रसिद्धीस आले. १६२४ मध्ये नगरजवळील भातवडी येथे त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. या लढाईच्या वेळी तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या तळाभोवती चिखल केला होता. शहाजीराजे भोसले या लढाईत अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी येथेच धारातीर्थी पडले. १६२६ मध्ये मलिक अंबरचा मृत्यू झाला. त्याची कबर खुलदाबाद येथे आहे.

अन्नाच्या इतिहासाच्या दृष्टीने मलिक अंबरचे सर्वांत महत्त्वाचे कार्य म्हणजे त्याची जमीन महसुलाची व्यवस्था होय. ती ‘मलिक अंबरी धारा’ या नावाने ओळखली जाते. महसूल वसुलीचे मक्ते देण्याची पद्धत त्याने बंद केली. जमिनीची प्रतवारी करून प्रत्यक्ष पिकाच्या अंदाजावर सारा ठरवला आणि वसुलीत गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे स्थान पक्के केले. सततच्या युद्धांनी उजाड होत चाललेल्या मुलखात शेतकऱ्याने जमीन सोडून जाऊ नये, हा या व्यवस्थेचा एक हेतू होता. म्हणजे हबशी सरदाराने येथे ज्वारी आणली नाही, परंतु ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरात त्या पिकाचा किती वाटा राहावा, हे ठरवण्यात त्याचा मोठा भाग होता.

हबशी पाकपरंपरा का उरली नाही

जिल्ह्यात आज ‘हबशी पदार्थ’ म्हणून ओळखला जाणारा वेगळा घरगुती पदार्थ प्रचलित नाही. याची कारणे समाजरचनेत आहेत. दख्खनमध्ये आणले गेलेले हबशी बहुतांशी पुरुष होते आणि सैन्यात विखुरलेले होते. त्यांनी इस्लाम स्वीकारला, स्थानिक स्त्रियांशी विवाह केले आणि दख्खनी भाषा आत्मसात केली. घरचा स्वयंपाक स्थानिक स्त्रियांच्या हाती राहिला. निजामशाहीच्या अस्तानंतर हे सैनिक इतर राज्यांच्या चाकरीत गेले किंवा दख्खनी मुस्लिम समाजात मिसळून गेले.

जेथे शिद्दी समाज एकत्र राहिला, तेथे परंपरांचे काही धागे टिकले. रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळचे जंजिरा संस्थान शिद्दी घराण्याकडे होते आणि ते १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. गुजरातमध्ये गीर परिसर व रतनपूर येथे, तसेच कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आजही शिद्दी वस्त्या आहेत. गुजरातमधील शिद्दींच्या ‘गोमा’ किंवा ‘धमाल’ या नृत्यप्रकाराचे नाव स्वाहिली भाषेतील ‘न्गोमा’ (ढोल, नृत्य) या शब्दाशी नाते सांगते. परंतु या वस्त्यांमधील रोजचे जेवणही मुख्यतः त्या त्या प्रदेशातील धान्य, मासे व मसाले यांवर आधारलेले आहे.

जिल्ह्यातील घरगुती पदार्थ

भाकरी: ज्वारी, बाजरी व नाचणी यांच्या पिठात गव्हाप्रमाणे ग्लुटेन हे चिवट प्रथिन नसते. त्यामुळे त्याची पोळी लाटता येत नाही. गरम पाणी घालून पीठ मळल्याने त्यातील पिष्ट चिकट होते आणि हाताने भाकरी थापता येते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाणी फिरवतात, नंतर ती उलटतात आणि शेवटी विस्तवावर फुगवून पापुद्रा आणतात. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर कडू होते. म्हणून ती थोडी थोडी दळून आणण्याची पद्धत आहे.

आंबील, कण्या आणि घाटा: ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ ताकात किंवा पाण्यात आंबवून शिजवलेली आंबील उन्हाळ्यात घेतली जाते. ज्वारी भरडून शिजवलेल्या कण्या आणि पिठाचा पातळ घाटा हे पदार्थ एकेकाळी गरिबाघरचे रोजचे जेवण होते.

हुरडा: थंडीत ज्वारीची कणसे दुधात भरली की ती गोवऱ्यांच्या आरात भाजतात आणि हातावर चोळून कोवळे दाणे काढतात. लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी व गूळ यांसह हुरडा खाल्ला जातो.

कारळ्याची चटणी: कारळे मंद आचेवर भाजून लसूण, सुकी मिरची व मीठ यांसह कुटतात. नाचणीच्या किंवा बाजरीच्या भाकरीबरोबर ही चटणी खातात. या ताटातील नाचणी आणि कारळे ही दोन्ही पूर्व आफ्रिकेच्या पठारावरची, तर मिरची अमेरिका खंडातली आहे. ती पोर्तुगीज काळानंतर भारतात आली.

सणांचे पदार्थ: संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वालपापडी, गाजर, वांगी, हरभरा इत्यादींची मिसळीची भाजी करतात. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्यांना मान असतो. हे पदार्थ इतके अस्सल मराठी मानले जातात की त्यांतील धान्य परदेशी मूळाचे आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आफ्रिकेत याच धान्यांचे रांधण्याचे प्रकार पुष्कळसे वेगळे आहेत. पश्चिम आफ्रिकेत ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा पातळ कालवणाबरोबर खातात. नायजर व उत्तर नायजेरियात बाजरीच्या उकडलेल्या पिठाचे ‘फुरा’ नावाचे गोळे दुधात कुस्करून घेतात. सुदानमध्ये आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची ‘किसरा’ ही पातळ पोळी करतात. आंबील आणि आफ्रिकेतील आंबवलेल्या पेजा यांत साम्य दिसते, परंतु ते एकाच धान्याच्या गुणधर्मातून स्वतंत्रपणेही उद्भवू शकते. हाताने थापून विस्तवावर फुगवलेली कोरडी भाकरी हे मात्र दख्खन व पश्चिम भारतातील स्त्रियांचे कौशल्य आहे. बी बाहेरून आले आणि त्याचे जेवण येथे घडले, असे या संदर्भात म्हणता येते.

आफ्रो-कॅरिबियन पाकपरंपरेशी तुलना

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांच्या काळात सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी लोकांना अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठी जहाजांत चढवले गेले. त्यांतील सुमारे १८ लाख लोक वाटेतच मरण पावले. उरलेल्यांपैकी फार मोठा हिस्सा कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांवर नेण्यात आला. जहाजांवर खाण्यासाठी भरलेल्या धान्य-कंदांबरोबर ज्वारी, चवळी, भेंडी आणि याम वर्गातील कंद ही पिकेही तिकडे पोहोचली. बार्बाडोस व जमैकात ज्वारीला ‘गिनी कॉर्न’ म्हणत.

जमैकासारख्या बेटांवर मळेवाले गुलामांना डोंगरउतारावरील निकस जमिनीचे तुकडे देत. आठवड्यातून मिळणाऱ्या थोड्या मोकळ्या वेळात तेथे स्वतःचे अन्न पिकवावे लागे. याच तुकड्यांवर आफ्रिकी पिके जगली आणि उरलेला माल रविवारच्या बाजारात विकणाऱ्या स्त्रियांमुळे पाककृतीही टिकल्या. ब्रिटिश वसाहतींत १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये सक्तीच्या उमेदवारीतूनही लोक मुक्त झाले. त्यानंतर हीच घरगुती पाकपरंपरा त्या समाजाच्या ओळखीचा आधार बनली.

दोन्ही प्रदेशांच्या ताटांत काही समान घटक आढळतात. त्रिनिदादमधील ‘कॅलालू’ हा पदार्थ अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध यांचा असतो. महाराष्ट्रात त्याच पानांचे फदफदे करतात. अळू हे मूळचे आशियाई असून आफ्रिकेमार्गेही ते पश्चिमेकडे गेले. बार्बाडोसचा ‘कूकू’ हा मक्याचे पीठ व भेंडी यांचा घट्ट गोळा पश्चिम आफ्रिकेतील ज्वारी-बाजरीच्या गोळ्याचा वंशज मानला जातो. तेथे ज्वारीची जागा मक्याने घेतली. जमैकात नाताळच्या सुमारास तुरीचे ताजे दाणे आणि भात नारळाच्या दुधात शिजवतात. तूर ही भारतातून आफ्रिकेत आणि तेथून कॅरिबियनमध्ये गेलेली आहे. चिंच व साखर यांचे गोळे त्रिनिदाद व जमैकात मुलांचा आवडता खाऊ आहेत.

कॅरिबियनमध्ये भारतीय पदार्थ नंतर आले. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्रिनिदादला त्यांचे पहिले जहाज १८४५ मध्ये पोहोचले. हे मजूर प्रामुख्याने भोजपुरी प्रदेशातील होते.

दोन्ही वारशांतील मुख्य भेद स्मृतीचा आहे. कॅरिबियन स्वयंपाकघरात भेंडीचे किंवा चवळीचे आफ्रिकी मूळ अभिमानाने सांगितले जाते, कारण ती पिके जपणारी माणसे आणि त्यांची दुःखे कुटुंबाच्या आठवणीत आहेत. अहिल्यानगरमध्ये पिकांचे आगमन इतके जुने आहे की त्याची आठवण शिल्लक राहिली नाही. येथे आलेल्या आफ्रिकी माणसांची आठवण लढाया, वास्तू आणि महसुली शब्द यांच्या रूपाने उरली आहे.

ऊस, दुष्काळ आणि ज्वारी

कॅरिबियन इतिहासाचे केंद्र असलेला ऊस अहिल्यानगरच्या शेतीतही निर्णायक ठरला. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. कॅरिबियनमधील मळेवाल्यांच्या मालकीच्या व्यवस्थेहून शेतकऱ्यांच्या मालकीचा हा कारखाना मूलतः वेगळा होता.

असे असले तरी बागायती पट्ट्यात ज्वारी-बाजरीचे क्षेत्र घटले. ऊसतोडणीचे काम पाथर्डी, शेवगाव, जामखेड यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांतील व शेजारच्या बीड जिल्ह्यातील मजुरांवर येऊन पडले. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास निघणारी ही कुटुंबे साधारण पाच-सहा महिने कोपीत राहतात. पहाटे फडात जाताना फडक्यात बांधून नेलेली भाकरी आणि चटणी हेच त्यांचे मुख्य जेवण असते.

१९७२ च्या दुष्काळात ज्वारीचे आणखी एक आगमन झाले. पिके बुडाल्याने अमेरिका खंडातून आयात केलेली ‘मिलो’ ही तांबूस ज्वारी रेशनवर मिळू लागली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. मिलोची भाकरी नीट थापली जात नसे आणि तिची चवही लोकांना रुचली नाही, अशी आठवण त्या पिढीत सर्वत्र सांगितली जाते. आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेले धान्य अशा रीतीने दख्खनच्या चुलीपर्यंत पोहोचले. धान्याची जात तीच असली तरी शेकडो पिढ्यांनी निवडलेले स्थानिक वाण आणि परके वाण यांत किती अंतर असते, हे त्या वेळी अनुभवास आले.

संवर्धन व सद्यस्थिती

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) रब्बी ज्वारीचे फुले वसुधा, फुले रेवती, फुले अनुराधा, फुले सुचित्रा इत्यादी वाण विकसित केले आहेत. त्यांपैकी काही हलक्या, तर काही भारी जमिनीसाठी शिफारस केलेले आहेत. बाजरीचा ‘धनशक्ती’ हा लोहाचे प्रमाण अधिक असलेला वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला. हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने ज्या वाणातून तो निवडला, त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या स्थानिक बाजरीत आहे. म्हणजे आफ्रिकेतून बाजरी येण्याची प्रक्रिया आधुनिक काळातही चालू राहिली आहे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांच्या संग्रहात वालाच्या अनेक स्थानिक जातींचा समावेश आहे. या कार्यासाठी त्यांना २०२० च्या पद्मश्री पुरस्कारासाठी निवडण्यात आले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्यामुळे शहरी भागात नाचणी व ज्वारीच्या पदार्थांविषयी पुन्हा उत्सुकता निर्माण झाली.

स्वस्त धान्य दुकानांतून मुख्यतः गहू व तांदूळ मिळू लागल्याने, तसेच भाकरी थापण्यास लागणारे श्रम व कौशल्य यांमुळे रोजच्या जेवणातील भाकरीचे स्थान कमी झाले आहे. ज्वारीचा कडबा हा जनावरांचा महत्त्वाचा चारा असल्याने तिची पेरणी टिकून आहे. वाण बियाणे बँकेत आणि विद्यापीठाच्या शेतात जतन होऊ शकतात. कण्या, घाटा, आंबील यांसारखे पदार्थ आणि भाकरी थापण्याचे कौशल्य मात्र एका पिढीने दुसऱ्या पिढीला शिकवले तरच टिकते. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकी पदार्थ टिकले तेही अशाच घरगुती शिकवणीतून.